कारकुनाच्या डोक्यातली खतावणी

कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला, की तो गिरणी, संप आणि बोनस यांविषयी बोलणार असे श्रोते धरूनच चालतात. बोनसचा विषय माझ्याही बोलण्यात येणार आहे; पण तो गिरणीतला नव्हे, वकिलांच्या कचेरीतला. वकिलांच्या पेढ्यांमध्ये आज निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी संगणकयंत्रे आणि प्रणाली असतात, आणि अशिलाची व त्याच्या प्रकरणाची माहिती एका प्रणालीतून दुसरीत आपोआप जावी यासाठी मोठा खटाटोप चालू आहे. हा खटाटोप कोठून सुरू झाला आणि त्यात कोणाचे काम कोणाकडे गेले, एवढाच इतिहास मला सांगावयाचा आहे. माझे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे झाले ते कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे वकिलांपेक्षा त्यांच्या कारकुनांशी माझी ओळख जुनी आहे.

कारकून काय करतो ते आधी पाहू. नवा अशील दारातून आत आला, की त्याचे नाव प्रथम भेटीच्या वहीत जाते. मग वकालतनाम्यावर, मग फाइलच्या पुठ्ठ्यावर, तारखांच्या डायरीत, आवक-जावक बारनिशीत, हिशेबाच्या खतावणीत आणि सरतेशेवटी बिलावर. नाव एक, लिहिणे सात वेळा. या सात ठिकाणचा माणूस एकच आहे, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. ते कारकुनाच्या डोक्यात असते. ‘परवाचे ते पाटील म्हणजे दिवाणी दाव्यातले की भाडेकरूंचे?’ असे वकिलाने विचारले तर कारकून क्षणात उत्तर देतो. सात वह्या जोडणारा धागा तो स्वतः असतो.

हा धागा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये कायद्याचे कागद हाताने उतरून काढणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच होता. त्यांना मजुरी मिळे ती ‘फोलिओ’वर, आणि फोलिओ म्हणजे पान नव्हे तर ठरावीक शब्दांचे माप: इंग्लंडमध्ये कागदाच्या प्रकाराप्रमाणे 72 किंवा 90 शब्द, अमेरिकेत 100. कागद जितका लांब तितकी आकारणी जास्त. कायद्याच्या भाषेत एकच गोष्ट तीन शब्दांनी का सांगतात, याची निरनिराळी कारणे विद्वान लोक देतात. माझ्यासारख्याला मजुरीच्या दरात त्याचे निदान एक कारण तरी दिसते. चार्ल्स डिकन्स 1827 मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, ग्रेज इनमधील एका वकिलाच्या कचेरीत उमेदवार कारकून म्हणून लागला होता. त्याच्या कादंबऱ्यांत वकिलांचे कारकून इतके जिवंत का उतरले, हे त्यावरून कळते. टाइपरायटर आणि कार्बन कागद आले तेव्हा हाताने नकला काढणे संपले. पण सात वह्या मात्र सातच राहिल्या.

पुढचा टप्पा अमेरिकेतील बोस्टन शहरात घडला. रेजिनाल्ड हेबर स्मिथ नावाचा तरुण वकील 1914 मध्ये तेथील गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला. थकलेली मजुरी, घरभाडे, नवऱ्याने टाकलेली बायको, अशी प्रकरणे तेथे येत. पैसा थोडा, गर्दी फार. एका प्रकरणाला संस्थेला किती खर्च येतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते. स्मिथने हार्वर्डच्या व्यापारशिक्षण विद्यालयातील हिशेबतज्ज्ञांची मदत घेतली आणि कारखान्यात जसा मालाचा उत्पादनखर्च काढतात तसा प्रकरणाचा खर्च काढण्याची पद्धत बसवली. 1919 मध्ये त्याचा ‘जस्टिस अँड द पुअर’ हा ग्रंथ कार्नेगी प्रतिष्ठानाने छापला. श्रीमंताला मिळणारा न्याय गरिबाला मिळत नाही, हे अमेरिकन वकीलवर्गाला त्याने आकड्यांनिशी दाखवले. त्याच वर्षी तो ‘हेल अँड डॉर’ या बोस्टनच्या मोठ्या पेढीचा व्यवस्थापक भागीदार झाला, आणि गरिबांच्या संस्थेत शिकलेली हिशेबाची शिस्त त्याने श्रीमंतांच्या पेढीत नेली.

ती शिस्त अशी. प्रत्येक वकिलाने दिवसभरात काय केले याची नोंद ठेवायची. वेळ मोजायचा तो तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे सहा-सहा मिनिटांत. प्रत्येक नोंदीवर अशील कोण आणि प्रकरण कोणते हे लिहायचे. 1940 मध्ये अमेरिकन बार असोसिएशनच्या नियतकालिकात त्याने ही पद्धत लेखमालेतून मांडली, आणि पुढे ती पुस्तिकेच्या रूपाने देशभर वाचली गेली.

लोक स्मिथला तासावर फी घेण्याचा जनक म्हणतात आणि त्याला दूषणेही देतात. मला त्याच्या नोंदीवरची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रोज डझनभर वकिलांच्या शेकडो नोंदी जमा व्हायच्या आणि महिन्याअखेर त्या बिलाबिलांत वाटल्या जायच्या, तर नुसत्या नावाने भागत नाही. एकाच कंपनीची दहा प्रकरणे असतात. म्हणून अशिलाला एक क्रमांक आणि त्याखाली प्रकरणाला दुसरा क्रमांक देण्याची चाल पडली. कारकुनाच्या डोक्यातला धागा प्रथमच कागदावर आला, आणि आला तो आकड्याच्या रूपाने. 1958 मध्ये अमेरिकन बार असोसिएशनच्या समितीने एक पुस्तिका काढून वकिलांना बजावले, की महागाई वाढली तरी तुमची मिळकत वाढत नाही, कारण तुम्ही वेळेची नोंद ठेवत नाही. 1975 मध्ये ‘गोल्डफार्ब’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांचे किमान फीचे दरपत्रक बेकायदा ठरवले. तोवर तासाचा हिशेब बहुतेक मोठ्या पेढ्यांत पक्का झाला होता.

अमेरिकन वकील असे सहा मिनिटांनी आपल्या श्रमाची किंमत काढत होते, त्याच काळात मुंबईत वकिलांच्या कारकुनांच्या श्रमाची किंमत न्यायालयापुढे आली. एका सॉलिसिटर पेढीतील नोकरांनी बोनस मागितला. ‘नॅशनल युनियन ऑफ कमर्शियल एम्प्लॉइज’ या त्यांच्या संघटनेने वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेला आणि तेथून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रश्न असा, की सॉलिसिटरची कचेरी कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ आहे काय? 1962 मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला, की नाही. सॉलिसिटर जी सेवा देतो ती त्याच्या स्वतःच्या बुद्धीची आणि विद्येची असते. टंकलेखक, लघुलेखक, हिशेबनीस यांच्या कामाचा त्या सेवेशी प्रत्यक्ष आणि आवश्यक संबंध नाही, असा त्यातील युक्तिवादाचा आशय होता. गजेंद्रगडकरांचे कामगार कायद्यातील ऋण आमच्या चळवळीवर मोठे आहे. 1960 मध्ये इस्पितळातील कामगारांना ‘उद्योगा’त आणणारा निकाल त्यांचाच. म्हणूनच या निकालाचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. बुद्धी वकिलाची, हे खरे. पण ती बुद्धी कोणत्या तारखेला, कोणत्या न्यायालयात, कोणत्या अशिलासाठी आणि कोणती फाइल हातात घेऊन खर्च करायची, हे त्याला कोण सांगत होते?

1978 मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ही जुनी भूमिका रद्द केली. पण 1984 मध्ये केरळातल्या एका वकील पेढीचा कारकून दुकाने व आस्थापना कायद्याखाली दाद मागायला गेला, तेव्हा वकिलाची कचेरी ‘व्यापारी आस्थापना’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. एका कायद्याच्या दारातून आत घेतलेला माणूस दुसऱ्या कायद्याच्या दारातून बाहेर. असो.

आता यंत्रांकडे वळू. ती एकदम आली नाहीत, सुटी सुटी आली, आणि सारी अडचण येथेच आहे. 1964 मध्ये आय.बी.एम.ने चुंबकीय फितीचा टाइपरायटर काढला. मसुदा फितीवर राहू लागला. 1973 मध्ये ‘लेक्सिस’ ही निकाल शोधण्याची सेवा सुरू झाली. तिचे मूळ ओहायो राज्यातील वकिलांनी 1967 पासून चालवलेल्या प्रयोगात होते. बिलांसाठी निराळा संगणक आला, तारखांसाठी निराळा, कागदपत्रे ठेवण्यासाठी निराळा. प्रत्येक यंत्र विकणारा वेगळा, आणि प्रत्येकाने अशिलांची आपली स्वतंत्र यादी करून घेतली. सात वह्यांच्या जागी सात यंत्रे आली आणि कारकून एकच नाव सात पडद्यांवर टंकू लागला. वहीत निदान वरची ओळ पाहून खालची लिहिता येत होती.

याद्या एकमेकींशी बोलत नाहीत याचा धोका किती, हे ‘वेस्टिंगहाऊस’ खटल्याने दाखवले. 15 ऑक्टोबर 1976 रोजी ‘कर्कलंड अँड एलिस’ या पेढीच्या शिकागो कचेरीने वेस्टिंगहाऊसच्या वतीने युरेनियम विकणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला, की यांनी संगनमताने भाव चढवले. नेमक्या त्याच दिवशी, याच पेढीच्या वॉशिंग्टन कचेरीने तेलकंपन्यांच्या संघटनेसाठी केलेल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला: ऊर्जेच्या धंद्यात खरी स्पर्धा आहे, असे सांगणारा. त्या संघटनेच्या सभासदांपैकी काही कंपन्यांनी वॉशिंग्टनच्या वकिलांना विश्वासाने माहिती दिली होती, आणि त्याच कंपन्या शिकागोच्या दाव्यात प्रतिवादी होत्या. दोन कचेऱ्यांमध्ये भिंत आहे, हा बचाव अपील न्यायालयाने 1978 मध्ये मानला नाही. पेढी एक, म्हणून तिची निष्ठाही एकच धरली गेली. ‘अशील कोण’ या प्रश्नाचे उत्तर साऱ्या कचेऱ्यांत एकच मिळाले पाहिजे, ही निकड मोठ्या पेढ्यांना पुढे अधिकाधिक जाणवू लागली. नवे प्रकरण घेण्याआधी सर्व याद्या चाळून हितसंबंधांचा विरोध आहे काय ते पाहणे, हे तेथे एक स्वतंत्र खातेच झाले.

तरी याद्यांची भाषा ठरवण्याची खरी सुरुवात झाली ती पैशापायी. मोठ्या कंपन्या एकाच वेळी अनेक पेढ्यांना कामे देतात. प्रत्येक पेढीचे बिल निराळ्या धाटणीचे. ते वाचून कंपनीच्या नोकरांनी पुन्हा आपल्या यंत्रात भरायचे. 1995 च्या सुमारास प्राइस वॉटरहाऊस या हिशेबतपासनीस संस्थेच्या पुढाकाराने कंपन्या आणि पेढ्या एकत्र बसल्या. कामांच्या वर्गवारीत अमेरिकन बार असोसिएशन आणि कंपन्यांच्या नोकरीतील वकिलांची संघटना याही होत्या. खटल्याच्या कामांना संकेतांक दिले गेले: एल 100 म्हणजे प्रकरणाची पारख, एल 300 म्हणजे पुराव्याची देवघेव, एल 500 म्हणजे अपील. आणि 1998 मध्ये ‘लेडिस’ नावाचा बिलाचा सामायिक नमुना आला.

या नमुन्याचे 1998 बी हे रूप मी मुद्दाम पाहिले. एका ओळीत 24 रकाने, दोन रकान्यांमध्ये उभी रेघ, ओळीच्या शेवटी चौकोनी कंसांची जोडी. इतका साधा, की आपल्या रोजकीर्दीशी खेळलेल्या माणसाला तो तासाभरात कळावा. त्यात दोन रकाने असे आहेत, की त्यांच्यावर माझी नजर खिळून राहिली. एक रकाना पेढीने प्रकरणाला दिलेल्या क्रमांकाचा. दुसरा अशिलाने त्याच प्रकरणाला दिलेल्या क्रमांकाचा. प्रकरण एक, नावे दोन, आणि दोन्ही ओळीत शेजारधर्माने नांदतात. कोणी कोणाचा क्रमांक मान्य करायचा, हा तंटा सोडवण्याऐवजी दोघांनाही जागा दिली गेली. वेतनकराराच्या वाटाघाटीत रात्री दोन वाजता असेच होते: मालकाचा शब्द राहतो, आमचाही राहतो, आणि पुढचे काम करणारे पुढे पाहून घेतात. येथे पुढचे काम करणारे कोण, तर दोन क्रमांकांची जोडी जुळवून ठेवणारे कारकून. काम करणाऱ्याची श्रेणी लिहायला नमुन्यात रकाना आहे. ‘माहिती व फाइलींची व्यवस्था’ या कामालाही ए 110 असा संकेतांक आहे. परंतु पुष्कळ कंपन्या पेढ्यांना बजावतात, की कारकुनी काम निराळे आकारू नका, तो तुमचा वरखर्च समजा. 1962 च्या निकालातला विचार येथे हिशेबाच्या भाषेत भेटतो.

आज जी जोडणी चालते तिची रीत थोडक्यात अशी. नव्या अशिलाची माहिती एकाच अर्जात भरली जाते. ती आधी हितविरोधाच्या तपासणीला जाते. मंजुरी मिळाली की हिशेबाच्या प्रणालीत प्रकरणाचा क्रमांक उघडतो. तोच क्रमांक घेऊन कागदपत्रांच्या प्रणालीत कप्पा तयार होतो, डायरीत तारखांचे खाते निघते, वेळनोंदीच्या यादीत नाव दिसू लागते. हे सारे काही क्षणांत होते. दोन प्रणालींमध्ये एक ठरावीक खिडकी असते; कोणत्या शब्दांत मागायचे आणि कोणत्या शब्दांत द्यायचे, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवलेले असते. 2017 मध्ये अमेरिकेतील पेढ्यांचे प्रशासक आणि पेढ्यांचा प्रसार करणारे यांच्या संघटनांनी ‘साली’ नावाची संस्था उभी केली, ती प्रकरणांच्या वर्णनाचे शब्द सर्वांनी एकच वापरावे म्हणून. शब्द ठरले नाहीत तर खिडकी असून उपयोग नाही.

यात कठीण काय आहे? कठीण हे, की कोणती यादी मूळ मानायची. अशिलाचा पत्ता बदलला आणि तो हिशेबवाल्याने आपल्या यादीत दुरुस्त केला, तर तो मागे मूळ अर्जात जातो काय? कंपनी विकली गेली, नाव बदलले. जुन्या प्रकरणांवर जुने नाव ठेवायचे की नवे? एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या, तर कोणती पुसायची, आणि पुसलेलीवर ज्यांची बिले आहेत त्यांचे काय? आणि ज्या प्रकरणापासून काही वकिलांना कायद्याने दूर ठेवायचे आहे, त्याचे नाव आपोआप सर्व याद्यांत गेले तर भिंतीचे काय? जुना कारकून यांची उत्तरे न सांगता देत असे. यंत्राला ती आधी सांगावी लागतात, आणि सांगण्यासाठी कोणाला तरी ठाऊक असावी लागतात.

चूक कशी प्रवास करते याचे एक उदाहरण आमच्याच संघटनेतले आहे. एका कामगाराला कामावरून काढल्याच्या दाव्यात रक्कम मंजूर झाली. कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव एक, भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर आडनावाचे स्पेलिंग दुसरे, बँकेच्या खात्यावर तिसरेच. कंपनीच्या संगणकाने ‘नाव जुळत नाही’ म्हणून रक्कम परत घेतली, आणि पुन्हा अर्ज केला की पुन्हा तेच. पाच महिने गेले. कंपनीतील साहेब म्हणत, यंत्र घेत नाही, आम्ही काय करणार? शेवटी आमच्या वकिलांच्या कारकुनाने तिन्ही कागद शेजारी ठेवले, मूळ भरतीच्या अर्जाची नक्कल शोधून काढली आणि दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र करून दिले. दोन दिवसांचे काम. चूक भरतीच्या वेळी झाली होती, सतरा वर्षांपूर्वी. तेव्हापासून ती एका यादीतून दुसरीत इमानाने उतरत आली होती.

आपल्या देशात न्यायालयांनी या बाबतीत वकिलांच्या पुढे मजल मारली. ई-कोर्ट प्रकल्पात दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक मिळतो: आधी राज्य आणि जिल्हा, मग न्यायालय, मग सहा अंकी अनुक्रम आणि शेवटी वर्ष. हा क्रमांक मोबाइलमध्ये घातला की पुढची तारीख दिसते. पक्षकाराला तारीख विचारण्यासाठी हेलपाटा घालावा लागत नाही, हे भले झाले आणि मी ते मोकळ्या मनाने सांगतो. पुष्कळ वकिलांच्या प्रणाली आता याच क्रमांकावरून तारखा ओढून घेतात. पण लेडिसचा धडा येथेही लागू आहे: न्यायालयाचा क्रमांक एक, कचेरीतील फाइलचा क्रमांक दुसरा, आणि संघटनेच्या नोंदवहीत तिसरा.

दुसरा दुवा मुंबईचाच. 2004 मध्ये स्थापन झालेल्या ‘पँजिया 3’ सारख्या कंपन्यांनी अमेरिकन पेढ्यांची कामे येथील कायदा शिकलेल्या तरुणांकडून करून घ्यायला सुरुवात केली. 2010 मध्ये थॉमसन रॉयटर्सने ती कंपनी विकत घेतली. कागद तपासायचे आणि कोणत्या कागदाला कोणती खूण लावायची ते ठरवायचे, अशी ती कामे. समुद्रापलीकडच्या रकान्यांतली माहिती भरणारे हात असे आपल्या शहरातही होते. त्यांची संघटना बांधायचा प्रयत्न करणाऱ्यांना पहिली अडचण आली ती हीच, की ते स्वतःला कामगार समजत नसत.

यंत्राला विरोध करा, असे सांगायला मी आलेलो नाही. 1969 मध्ये सरकारने पुण्याचे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि 1972 मध्ये तिचा अहवाल आला. सप्टेंबर 1983 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी करार केला. कोणती यंत्रे कोठे आणि किती बसवायची, याच्या मर्यादा त्यात लिहिल्या गेल्या. 1993 मध्ये पुढचा करार झाला. त्या करारांवर आमच्यातल्या काहींनी कडक टीका केली, आणि काही टीका रास्तही होती. परंतु यंत्र येण्याआधी त्याविषयी लेखी बोलणे झाले, हे त्यांचे वैशिष्ट्य कोणी नाकारू शकत नाही. वकिलांच्या कचेऱ्यांत असे लेखी बोलणे घडवता येईल अशी ताकद कारकुनांच्या हाती कधी आली नाही. एकेका कचेरीत दोन-चार माणसे, पगार तोंडी ठरलेला, आणि कायद्याची दारे वर सांगितली तशी.

आता मागणी करायची तर कोणती? कारकून सभासद मला हे विचारतात तेव्हा मी त्यांना बोनसच्या आधी दुसरेच मागायला सांगतो. नवी प्रणाली बसवण्याआधी कोणती यादी मूळ आणि दुरुस्ती कोणाच्या सहीने, हे ठरते त्या बैठकीत रोज यादी भरणाऱ्याला खुर्ची द्या. नोंद पुढे जाण्याआधी ती थांबवण्याचा अधिकार त्याला द्या आणि थांबवल्याबद्दल त्याची गैरहजेरी मांडू नका. आणि जुन्या कारकुनाकडून त्याच्या डोक्यातली माहिती यंत्रासाठी लिहून घेत असाल, तर त्या लिहून देण्याला काम समजा आणि त्या तासांचा पगार द्या. स्मिथच्या पद्धतीने, सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने दिला तरी चालेल.